गिऱ्हाईकांची वही म्हणजे मतदारयादी नव्हे



जानेवारीत महापालिकेचा निकाल लागल्यापासून एकच प्रश्न मला दहा-बारा जणांनी तरी विचारलाय. "सर, पुढच्या वेळी मी उभा राहू का? निवडून नाही आलो तरी धंद्याची पब्लिसिटी होईल ना?" या प्रश्नाचा पहिला भाग मला मनापासून आवडतो. दुसरा भाग ऐकला की पोटात गोळा येतो. व्हिडिओत यावर दोन-तीन मिनिटं बोललो होतो, पण विषय तेवढ्यात मावणारा नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या धंदेवाल्यांनी महापालिकेत जायलाच हवं. दुकानासमोरचा फूटपाथ, मंडईतल्या गाळ्याचं भाडं, फेरीवाल्यांची जागा, कचऱ्याची गाडी, पाण्याची वेळ, सगळं तिथे ठरतं आणि तिथे बसलेल्यांपैकी किती जणांनी सकाळी सहाला शटर उघडलंय ते मला माहितीये. पण निवडणूक ही धंद्याची जाहिरात अजिबात नाही. जाहिरात नवीन गिऱ्हाईक आणते. निवडणूक तुमच्या जुन्या गिऱ्हाईकाला बाजू घ्यायला लावते. हा फरक आमच्या लाइनीतले काही मोटिवेशनवाले सांगत नाहीत. उलट "हरलात तरी पंधरा दिवस तुमचा चेहरा गल्लीगल्लीत" असं सांगून लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतात.

आता माझ्याकडच्या एका ताईंची गोष्ट. नाव लिहीत नाही, वॉर्डही सांगत नाही. लालबाग-परळचा पट्टा एवढं पुरे. घरगुती मसाले, भाजणी, मेतकूट असा व्यवसाय. दहा वर्षांपूर्वी चाळीतल्या स्वयंपाकघरातून सुरू केलेला. मिरची, धणे मसाला गल्लीतून आणायचे, निवडून-भाजून द्यायचे, होळीनंतरच्या तीन महिन्यांत वर्षाची निम्मी कमाई. सात लाख रुपये बाजूला ठेवलेले, स्वतःचं कांडप मशीन घ्यायला आणि छोट्या गाळ्याच्या डिपॉझिटला.

११ नोव्हेंबर २०२५ ला आरक्षणाची सोडत निघाली. २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी. त्याच आठवड्यात ताईंचे मिस्टर त्यांना घेऊन माझ्याकडे आले. बसता बसताच म्हणाले, "सर, आपला वॉर्ड लेडीज पडला. हिला उभं करतोय."

"हिला उभं करतोय." हे वाक्य मुंबईत त्या आठवड्यात किती घरांत बोललं गेलं असेल! मी ताईंकडे बघितलं. त्या पर्समधून काहीतरी काढत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला राहायचंय का?" त्या म्हणाल्या, "ह्यांना आज सुचलं, माझ्या डोक्यात दोन वर्षं आहे." आणि टेबलावर गिऱ्हाईकांची वही ठेवली.

मित्रांनो, ती वही म्हणजे आदर्श हिशोब. ६४० घरं. कुणाला तिखट किती लागतं, कुणाला खोबरं नको, कुणाचे पैसे दिवाळीला येतात. मिस्टर म्हणाले, "एका घरात चार मतं धरा. अडीच हजार मतं तर घरातच आहेत!"

मी म्हटलं, एक काम करा. प्रभागाची मतदारयादी मिळवा आणि वहीतल्या प्रत्येक घरापुढे टिक करा, इथे मतदान आहे की नाही. आठ दिवसांनी परत आले. ६४० पैकी इथे मतदान असलेली घरं निघाली २१२. बाकीचे कुठे गेले? डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपारा. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, कुणी भाड्याने बाहेर पडलं ते परतलंच नाही. मसाला मात्र अजून लालबागचाच लागतो. काही जण तर शेजारच्याच प्रभागातले, मधे फक्त एक रस्ता.

दादर स्टेशनजवळ ज्यांचं दुकान आहे त्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं. तुमच्या दुकानात रोज तीनशे माणसं येतात, चांगलंय. पण त्यातली निम्मी कर्जत फास्ट पकडणारी. त्यांचं मत तुम्हाला कधीच मिळणार नाही, कारण ते इथे नाहीच. गिरगावात तेच, परळला हॉस्पिटलांच्या आसपास खानावळ चालवणाऱ्यांचं तर त्याहून जास्त. तिथलं गिऱ्हाईक पेशंटबरोबर येतं आणि पेशंटबरोबर गावी जातं.

आता मोठा हिशोब बघू. मुंबईत मतदार १ कोटी ३ लाखांच्या आसपास. भागिले २२७, म्हणजे एका प्रभागात सरासरी ४५ हजार. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं सुमारे ५३ टक्के, म्हणजे प्रभागात पडलेली मतं सरासरी २४ हजार. उमेदवार १,७००, म्हणजे जागेमागे सात ते आठ. (त्यात बायका ८७८ आणि पुरुष ८२२. हा आकडा मला फार आवडला.) मोठ्या पक्षांची तिरंगी-चौरंगी लढत असेल तर आठ-दहा हजारांच्या खाली सहसा कुणी जिंकत नाही. आणि ताईंकडे हक्काची घरं २१२.

वेळेचं गणितही बघा. अर्ज भरायचे २३ ते ३० डिसेंबर. माघार २ जानेवारीपर्यंत. अपक्षांना चिन्ह मिळालं ३ जानेवारीला, जाहीर प्रचार संपला १३ ला. म्हणजे ब्रँडचा लोगो हातात पडल्यापासून तुमच्याकडे दहा दिवस. एका घरात पाच मिनिटं धरली तर दिवसाला शंभर घरं, साडेआठ तास, जिने चढून-उतरून. दहा दिवसांत हजार घरं, फार तर चार हजार मतदार. पंचेचाळीस हजारांपैकी! ज्या पक्षाचं चिन्ह लोकांना वर्षानुवर्षं पाठ आहे, त्याच्यासमोर तुम्ही हे करताय.

निकाल काय लागला तेही सरळ सांगतो. भाजप ८९, शिवसेना ठाकरे गट ६५, शिवसेना शिंदे गट २९, काँग्रेस २४, एमआयएम ८, मनसे ६, मग राष्ट्रवादीचे दोन्ही गट आणि समाजवादी. बेरीज करा, २२७ पूर्ण होतात. अपक्षांच्या वाट्याला शून्य.

लगेच कुणीतरी म्हणेल, सर तुम्ही निगेटिव्ह बोलताय. नाही. अपक्ष निवडून आलेले आहेत. २००७ मध्ये जुहूत नागरिकांनी एकत्र येऊन उभे केलेले अडॉल्फ डिसूझा आले. २०१२ मध्ये कुलाब्यातून मकरंद नार्वेकर अपक्ष आले, पुढे भाजपमध्ये गेले. पण २२७ जागांच्या मानाने अशी नावं थोडीच.

दुसरी एक गोष्ट नवख्यांना नेहमी ऐकवली जाते, ती गिरगावची. २०१७ ला प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह, दोघांनाही ५,९४६ मतं. फेरमोजणी करूनही तेच. शेवटी चिठ्ठी टाकली आणि शाह नगरसेवक झाले. यंदा प्रभाग ९० मध्ये काँग्रेसच्या ट्यूलिप मिरांडा अवघ्या ७ मतांनी आल्या. गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यातून "एक-एक मत गोळा करत गेलं की आपणही पोचतो" असा अर्थ काढू नका. बरोबरी झाली ती दोन मोठ्या यंत्रणांमध्ये. यादीत सहाव्या-सातव्या नंबरवर असलेल्याला चिठ्ठीपर्यंत कुणी बोलवत नाही.

मग धंदेवाला तिथे पोचतो कसा? आपल्याच भागातली दोन माणसं बघा. मनोहर जोशी महापालिकेत नोकरीला होते. १९६१ मध्ये त्यांनी कोहिनूर क्लासेस काढले, दादरला नाव केलं. नगरसेवक झाले १९६८ ला, महापौर १९७६ ला, मुख्यमंत्री १९९५ ला. छगन भुजबळ भायखळ्याच्या बाजारात भाजी विकायचे. १९७३ ला नगरसेवक, १९८५ ला महापौर. या गोष्टी सांगताना आपण "भाजीवाला महापौर झाला" एवढंच सांगतो. मधली वर्षं गाळतो. जोशींचा क्लास सुरू झाल्यापासून नगरसेवक होईपर्यंत सात वर्षं गेली. आणि दोघंही एकटे उभे राहिले नव्हते, त्यांच्यामागे शाखा होती. शाखा म्हणजे काय, तर संध्याकाळी सात वाजता कुणीही तक्रार घेऊन जाऊ शकेल अशी जागा. पक्ष कुठलाही असो, नगरसेवक तयार होतो तो त्या खुर्चीवर, नंतर त्याला एबी फॉर्म मिळतो. (एबी फॉर्म म्हणजे "हा आमचा अधिकृत उमेदवार" असं पक्षाचं पत्र. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांत त्यासाठी काय धावपळ झाली ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल.)

आता पैसा. मुंबईत उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती १५ लाख. नगरसेवकाचं मानधन महिन्याला २५ हजार. पाच वर्षांचे साठ महिने, गुणिले २५ हजार. किती झाले? बरोबर १५ लाख. म्हणजे मर्यादेइतका खर्च करून निवडून आलात, तर प्रामाणिकपणे पाच वर्षांत फक्त मुद्दल परत येतं. व्याज नाही, आणि त्या पाच वर्षांत दुकानाकडे लक्ष देता आलं नाही त्याचा हिशोब वेगळाच. ज्याला यात "रिटर्न" दिसतोय, तो कुठून येणार ते त्याने स्वतःला विचारावं. मला त्याचं उत्तर ऐकायचं नाही.

आणि कृपा करून धंद्यासाठी घेतलेलं कर्ज यात वळवू नका. मुद्राचं असो की पतपेढीचं, मशीनसाठी घेतलेले पैसे बॅनरमध्ये घातले तर ती बँकेची फसवणूक आहे. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं काढावं लागतं, रोजचा खर्च लिहावा लागतो आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्यावा लागतो, हरलात तरी. तो दिला नाही तर पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरवलं जाऊ शकतं. जीएसटी भरणाऱ्याला हे जड नाही, आळस मात्र परवडत नाही.

काही गोष्टी अर्ज भरायच्या आधीच तपासा. वय २१ पूर्ण हवं, मुंबईच्या मतदारयादीत नाव हवं, सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागातले हवेत. अनामत खुल्या गटाला ५ हजार, राखीवला निम्मी. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अर्ज बाद. यात धंदेवाल्याला सगळ्यात जास्त अडकवणारा नियम कंत्राटाचा. महापालिकेबरोबरच्या कुठल्याही कंत्राटात तुमचा किंवा तुमच्या पार्टनरचा वाटा असेल, तर तुम्ही नगरसेवक होऊ शकत नाही. आपल्यातले कितीतरी जण पालिकेच्या शाळेला, हॉस्पिटलला, खात्यांना काहीतरी पुरवतात. छपाई, खाणं, पेस्ट कंट्रोल. पालिका हे तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असेल, तर ते आधी सोडायची तयारी आहे का, वकिलाला भेटून बघा. शिवाय प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, कर्ज, केसेस सगळं लिहावं लागतं आणि ते कुणीही वाचू शकतं. तुमचा स्पर्धक वाचेल, तुमचा सप्लायर वाचेल, ज्या मेहुण्याला "सध्या तंगी आहे" सांगितलंय तोही वाचेल. दुकानापुढे दोन फूट वाढवलेला पत्रा असेल तर त्याचा फोटो पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फिरेल.

असो. ताईंकडे परत येतो.

२१२ घरांचा आकडा दाखवून मी म्हटलं, नका उभं राहू. मशीन घ्या, गाळा घ्या. मला वाटलं पटलं. ताई म्हणाल्या, "सर, तुम्ही गिऱ्हाईकं मोजलीत. मागची पानं नाही बघितलीत." वही उलटी करून मागून उघडली. तिथे दुसऱ्याच नोंदी. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, पालिकेत अर्ज कधी दिला, कोण साहेब भेटले, परत कधी बोलावलं. एका आजींचं रेशनकार्ड. एका मुलीची पालिकेच्या शाळेतली ॲडमिशन. गटाराचं झाकण, तीन वेळा. कोविडपासूनच्या नोंदी. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते. लोकांनी जायचं कुणाकडे? मसाल्याच्या ऑर्डरीबरोबर तक्रार सांगायचे, आणि या बाई वॉर्ड ऑफिसला जाऊन बसायच्या.

मी गप्प बसलो. माझा प्रश्नच चुकला होता. "किती मतं आहेत" याआधी "लोक तुमच्याकडे काम घेऊन येतात का" हे विचारायला हवं होतं. ज्याच्याकडे येतात, त्याला उभं राहू नको म्हणायचा मला अधिकार नाही. एवढंच म्हटलं की सात लाखांना हात लावायचा नाही. आम्ही तिघांनी बसून आकडा ठरवला, १ लाख २० हजार, एक रुपया वर नाही. ते संपले की प्रचार पायी. मिस्टरांना वेगळं काम दिलं. तेरा दिवस ऑर्डरी ते बघणार आणि पत्रकावर त्यांचा फोटो नाही. दुसऱ्या अटीवर जरा कुरबुर झाली.

त्या अपक्ष लढल्या. चिन्ह तिसऱ्या पसंतीचं मिळालं. मुंबईत मतदान केंद्रं दहा हजारांहून जास्त, म्हणजे प्रभागाला ४५ च्या आसपास. प्रत्येक केंद्रात आपला एक माणूस बसवायचा म्हटलं तर ४५ माणसं हवीत. यांच्याकडे चौदा होती, त्यातली अकरा महिला बचत गटातली. मतं पडली साडेसातशेच्या आसपास. अनामत गेली. खर्च झाला १ लाख ११ हजार, पावत्यांसकट हिशोब वेळेत दिला.

आणि आता ती गोष्ट, ज्यासाठी हा लेख लिहिला. एका चाळीतली अडतीस घरं वर्षानुवर्षं यांच्याकडून मसाला घ्यायची. तिथल्या मंडळाने दुसऱ्या उमेदवाराला पाठिंबा दिला होता. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही. पण निकालापासून त्या चाळीतून एकही ऑर्डर आली नाही. भाजणीसुद्धा नाही. जिन्यात भेटल्या तर बायका मान खाली घालून जातात, कारण त्यांनाही अवघडल्यासारखं झालंय. अडतीस घरं म्हणजे सीझनला पाऊण लाखाचा धंदा. याची तरतूद आम्ही कुठल्याच कागदावर केली नव्हती. चूक माझी, हिशोब शिकवणारा मी.

तुम्ही पहिल्यांदा उभे राहणार असाल तर हा आकडा आधी काढा. कुठल्या इमारतीतलं, कुठल्या मंडळातलं, कुठल्या पक्षाच्या घरातलं गिऱ्हाईक तुम्ही गमावाल? ते गेल्यावर दुकान सहा महिने चालेल का? चालणार नसेल तर अजून थांबा. आणि थांबायचं म्हणजे घरी बसायचं नाही. सोसायटीच्या कमिटीवर निवडून या. बाजाराच्या असोसिएशनचे सेक्रेटरी व्हा, जे काम कुणालाच नको असतं. फेरीवाले असाल तर २०१४ च्या कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असतात. मुंबईत त्यासाठी २०२४ मध्ये मतदानही झालं. किती जणांना त्याची तारीख माहीत होती? नगरसेवक व्हायची घाई सगळ्यांना आहे, या निवडणुकांना माणसं मिळत नाहीत.

परवा ताईंचा फोन आला होता. दोन पक्षांच्या माणसांनी चहाला बोलावलंय म्हणाल्या. जाणार का विचारलं, तर म्हणाल्या, "होळीनंतर बघू, आता मिरची बघायचीय." कांडप मशीनचा ॲडव्हान्स दिलाय. गाळा अजून ठरत नाहीये, डिपॉझिट जास्त मागतायत. त्या चाळीतून अजून काही ऑर्डर नाही. फक्त एका काकूंनी भाच्याच्या हातून रिकामी बरणी पाठवलीये, चिठ्ठी नाही, नाव नाही. वहीत त्यांची नोंद आहेच, तिखट मध्यम, खोबरं कमी. ताईंनी भरून ठेवलीये.